मोटारीची घरगुती दुरुस्ती आणि सेन्सरची साक्ष



मोटार ही आता खेड्यापाड्यांत नवलाईची वस्तू राहिलेली नाही. करवीर, कागल, शिरोळ, राधानगरी, कोणत्याही तालुक्यात जा. दूध संस्थेच्या दारात, शाळेच्या आवारात, उसाच्या फडाकडेला चारचाकी गाडी उभी दिसते. गाडी आली की तिची निगा आली, आणि निगा आली की कोल्हापूरकराचा हात आपोआप पान्याकडे वळतो. हे गावच मुळी ओतकामाचे आणि इंजिनांचे. शिवाजी उद्यमनगरातल्या भट्ट्यांनी आणि लेथ यंत्रांनी इथल्या कितीतरी घरांना भाकरी दिली. नदीकाठचे ऑइल इंजिन बंद पडले तर मेस्त्री येईपर्यंत वाट न पाहता, नोझल काढून स्वतः पाहणारे शेतकरी ह्या जिल्ह्यात घरोघर होते. तेव्हा रविवारी सकाळी एखाद्या गुरुजींनी आपल्या गाडीचा एअर फिल्टर स्वतः बदलला, प्लग साफ केले, बॅटरीचे टर्मिनल घासले, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ही सवय चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे.

परंतु अलीकडे एक निराळीच अडचण उभी राहिली आहे. काम नीट झाले असे वाटते, बॉनेट बंद होते, गाडी सुरू होते, आणि समोरच्या पाट्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटतो. गाडी धक्के देते, स्लोला बंद पडते, पिकअप घेत नाही. गॅरेजात नेली की स्कॅनर लावला जातो, एक आकडा येतो, आणि निकाल ऐकू येतो, "गुरुजी, सेन्सर गेलाय बघा." काही हजार रुपये खर्चून नवा सेन्सर बसतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच दिवा. मग गाडीचा धनी कानाला खडा लावतो, "ह्या नव्या गाड्यांना आपण हात लावायचाच नाही."

हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, आणि अशा वेळी दोष कोणत्या क्रमाने शोधावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे सेन्सर गाडीत आले कशासाठी ते पाहू. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, किंवा १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८००, ह्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. कार्ब्युरेटरची जेट म्हणजे ठरावीक मापाचे भोक. आता रत्नागिरीहून निघून आंबा घाट चढून कोल्हापूरला येणाऱ्या गाडीचा विचार करा. रत्नागिरीला ती समुद्रसपाटीला असते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. वर हवा विरळ होते, भोक मात्र तेवढेच राहते. म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्त पडते. इंजिनाला हे कळत नसे. मेस्त्रीला कळे, आणि तो स्क्रू फिरवून बेतास आणी.

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले आणि पेट्रोल मोजून फवारणारी पद्धत सर्रास आली. १ एप्रिल २०२० पासून तर देशभर बी.एस. सहा हा नियम लागू झाला. एवढ्या काटेकोर मापाने इंधन द्यावयाचे तर क्षणोक्षणी मोजमाप हवे. हवा किती आली, ती किती गरम आहे, पाणी किती तापले, पॅडल किती दाबले, इंजिनाचा दांडा कोणत्या कोनात आहे, जळून गेलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे सारे सेन्सर मोजतात आणि गाडीतल्या छोट्या संगणकाला, म्हणजे ई.सी.यू.ला, कळवितात. संगणक हिशेब करून फवारा किती वेळ उघडायचा ते ठरवितो. पूर्वी मेस्त्रीचे कान आणि नाक जे काम करीत, ते आता हे सेन्सर करतात.

आता मुख्य मुद्दा. सेन्सर हा साक्षीदार आहे. तो जे पाहतो ते सांगतो. संगणकाला ती साक्ष इतर साक्षींशी जुळेनाशी वाटली, किंवा साक्ष येणेच बंद झाले, की तो दिवा पेटवितो आणि एक क्रमांक नोंदवून ठेवतो. ह्या क्रमांकाला आपल्याकडे कोड म्हणतात. कोडमध्ये सेन्सरचे नाव असते म्हणून सेन्सरच खराब, असे धरून चालणे म्हणजे गावात चोरी झाली हे सांगायला आलेल्या पाटलालाच चोर म्हणून धरण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गडहिंग्लज तालुक्यातील एका शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी एअर फिल्टर बदलला. त्यांच्या गाडीत फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी हवा मोजणारा सेन्सर आहे आणि तिथून इंजिनाकडे रबराचा जाड पाइप जातो. डबा बसविताना पाइपाचे तोंड अर्धवटच बसले आणि क्लिप ढिली राहिली. आता थोडी हवा सेन्सरला चुकवून ढिल्या तोंडातून आत शिरू लागली. सेन्सरने मोजली तेवढ्याच हवेचे पेट्रोल संगणकाने दिले. प्रत्यक्षात हवा जास्त होती. धुरात प्राणवायू उरला. सायलेन्सरच्या पाइपात बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरने तो पाहिला आणि प्रामाणिकपणे कळविला. संगणकाने पेट्रोल वाढवून पाहिले, वाढवायची मर्यादा संपली, तेव्हा त्याने पी ०१७१ हा कोड नोंदविला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात इंधन कमी पडते आहे. आणि बदलला गेला कोण? ऑक्सिजन सेन्सर! सगळ्यांत खरे बोलणारा साक्षीदार हाकलला, आणि क्लिप ढिलीच राहिली. कोड पुसल्यामुळे दिवा विझला. संगणकाने पुन्हा मोजमाप करून खात्री करून घेतल्यावर तो परत पेटला. दोन दिवसांच्या समाधानाचे कारण हे असे आहे. आठ आण्यांचाही माल लागत नव्हता, स्क्रूड्रायव्हरचे दोन फेरे पुरेसे होते.

म्हणून पहिला नियम असा: घरी काम केल्यावर दिवा पेटला, तर आपला हात शेवटी जिथे होता तिथे आधी परत जावे. काल चांगली असलेली गाडी आज बिघडली, आणि मध्ये फक्त आपण काम केले, तर नेमक्या त्याच दिवशी एखादा सेन्सर आपोआप मरण्याचा योग फार क्वचित येतो.

घरगुती कामात हमखास राहणाऱ्या गोष्टी पाहा. एअर फिल्टर बदलला, तर त्या डब्यावरच्या सेन्सरचा कपलर लावायचा राहतो, किंवा 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसत नाही. प्लग बदलले, तर प्लगवरच्या कॉइलच्या कपलरचे प्लास्टिकचे कुलूप तुटते आणि तो धक्क्यासरशी सुटतो. ऑइल बदलले, तर भरायचे झाकण किंवा ऑइल मोजायची पट्टी नीट बसत नाही. कित्येक इंजिनांत तेवढ्या फटीतूनही न मोजलेली हवा आत जाते. कूलंट बदलले, तर आत हवेचा बुडबुडा अडकतो. तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि काटा वेडावाकडा नाचतो. बॅटरी काढली, तर इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी ढिली राहते. आणि गाडी धुताना इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारला, तर कपलरांत पाणी शिरते.

काही गोष्टी तर स्वच्छतेच्या उत्साहातून होतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पोटात केसासारखी बारीक तापलेली तार किंवा पातळ पापुद्रा असतो. हवेने तो किती गार होतो त्यावरून हवेचे माप निघते. तो कापडाने पुसू नये, त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नये, पेट्रोल वा कार्ब्युरेटरचा क्लीनर लावू नये. त्यासाठीच तयार केलेला फवारा मिळतो. तो मारावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चावी लावू नये. तसेच पुष्कळ नव्या गाड्यांतील थ्रॉटलची पाकळी विजेच्या मोटरवर फिरते. ती बोटाने वा स्क्रूड्रायव्हरने ढकलू नये. तिच्यावरचा काजळीचा थर निघाला की पहिली शिकवण चुकीची ठरते आणि स्लो वरखाली होते. अशा वेळी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने संगणकाला नवी जागा शिकवावी लागते. बॅटरी काढल्यावरही संगणकाची शिकलेली स्मरणे पुसली जातात. थोडे अंतर गाडी चालविली की ती बहुधा पूर्ववत होतात. हा दोष नव्हे. आणि इंजिनाच्या जोडांना सिलिकॉन लावायचे असेल तर सेन्सरला चालणारे असे लिहिलेलेच घ्यावे, कारण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या साध्या सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खरोखरच मरतो.

आता कोल्हापूरच्या जुन्या, जाणत्या हातांना थोडे सांगावयाचे आहे. आपल्या जुन्या मेस्त्रींच्या तीन परीक्षा प्रसिद्ध होत्या, आणि त्यांच्या काळात त्या अगदी योग्य होत्या. डिझेल इंजिन मिसिंग मारत असेल तर चालू इंजिनात एकेका नळीचा नट ढिला करून कोणते सिलिंडर मेले ते पाहायचे. पेट्रोल इंजिन मिसिंग मारत असेल तर एकेका प्लगची टोपी काढायची. आणि डायनमो चार्ज करतो की नाही हे पाहायला चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल उचलायचे.

आजच्या गाडीत ह्या तिन्ही परीक्षा करू नयेत. नव्या कॉमन रेल डिझेलच्या नळीत हजार बारच्याही वर दाब असतो. तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून हाताच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तशी जखम झाल्यास ताबडतोब शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जावे लागते, उशीर झाल्यास हात गमवावा लागतो. चालू इंजिनात प्लगवरची कॉइल उपटली तर हजारो व्होल्टची ठिणगी वाट शोधते. ती माणसाच्या अंगातून जाते किंवा कॉइल आणि संगणक जाळते. आणि चालू गाडीत बॅटरी काढली की अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो आणि संगणकच बळी पडतो. ह्या तिन्हींची जागा आता मोजमापाने घेतली आहे. कोणते सिलिंडर मिसिंग मारते हे स्कॅनर क्रमांकाने सांगतो. पी ०३०१ म्हणजे पहिले, पी ०३०२ म्हणजे दुसरे. ते कळल्यावर, चावी बंद करून, पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, फवारा किंवा कॉम्प्रेशन पाहावे. आणि चार्जिंग पाहायला मल्टिमीटर बॅटरीवर धरावा: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना पुष्कळ गाड्यांत पावणेचौदा ते साडेचौदा. काही नव्या गाड्यांत संगणक हे माप मुद्दाम कमीजास्त करतो, एवढे ध्यानात ठेवावे. परीक्षा घेण्याची मेस्त्रींची वृत्ती तीच ठेवायची. हत्यार तेवढे बदलायचे.

आता शोधाचा क्रम सांगतो. जवळ वही असेल तर टिपून घ्यावा.

आधी दिवा ओळखावा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचे कारण नाही. बेताने घरी वा गॅरेजात जाता येते. पिवळा दिवा उघडझाप करीत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आहे. वेग लगेच कमी करावा, शक्य तितक्या लवकर थांबावे. आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा पेटला, तर सेन्सर खोटे बोलत असेल अशी आशा धरून एक फर्लांगही पुढे जाऊ नये. इंजिन बंद करून आधी ऑइलची पट्टी पाहावी. तो सेन्सर स्वस्त आहे, इंजिन महाग आहे.

दुसरी पायरी डोळ्यांची. चावी बंद करून, हात लावलेल्या जागेपासून सुरुवात करून प्रत्येक कपलर, प्रत्येक पाइप, प्रत्येक क्लिप पाहावी. कपलर काढून आतील पिना वाकल्या आहेत का, हिरवट झाल्या आहेत का ते पाहावे. वायरिंग उंदराने कुरतडले आहे का तेही पाहावे. गोठ्याजवळ वा धान्याच्या खोलीशेजारी गाडी उभी राहत असेल तर हे फार घडते. पिवळ्या रंगाचे कपलर मात्र एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

तिसरी पायरी स्कॅनरची. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक तोंड असते. तिथे बसणारे, मोबाइलशी जोडले जाणारे छोटे यंत्र आता साध्या किमतीत मिळते. ते सर्व गाड्यांवर सर्व माहिती दाखवीलच असे नाही, पण गावात दहा जणांत मिळून एक घेतले तरी पुरते. कोड आधी वहीत उतरावे आणि मगच पुसावे. कोडबरोबर त्या क्षणीचे तापमान, वेग, फेरे यांची नोंदही असते, तीही उतरावी. पुसलेला पुरावा परत येत नाही.

चौथी पायरी साक्ष तपासण्याची. यात आपल्या शाळेतले पदार्थविज्ञान उपयोगी पडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी सकाळी लावावी, इंजिन सुरू करू नये. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ही दोन्ही जवळजवळ सारखीच दिसली पाहिजेत, कारण दोन्ही त्याच अंगणात रात्रभर होती. एक २४ अंश आणि दुसरे ६० अंश दाखवीत असेल तर एक साक्ष खोटी आहे. आणि एखादे उणे ४० दाखवीत असेल, तर कोल्हापुरात सियाचीनची थंडी पडलेली नाही हे उघड आहे. त्या सेन्सरची तार कुठे तरी तुटली आहे किंवा कपलरच लावलेला नाही. एअर फिल्टर बदलल्यावर पी ०११३ हा कोड आला तर बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

त्याच वेळी इंजिनाच्या आतल्या हवेचा दाब दाखविणारा सेन्सर असेल तर तोही पाहावा. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या जवळ असतो, कोल्हापुरात सुमारे ९५, आणि पन्हाळ्यावर ९० च्या आसपास. कोल्हापुरात उभी गाडी ७० दाखवू लागली तर ती साक्ष नाकारावी. इंजिन सुरू होऊन स्लोला आले की हा आकडा तीस-चाळीसपर्यंत खाली यावा. तो बराच वर राहिला आणि फेरे वाढलेले असले, तर पाइपातून हवा गळते आहे असे समजावे.

हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत गळती ओळखायची आणखी एक खूण आहे. संगणक पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ वा घट करतो आहे हे स्कॅनर दाखवितो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. उणेअधिक पाच-सात टक्के हे नेहमीचे. स्लोला ही वाढ वीस-पंचवीस टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांना पाचच टक्के दिसली, तर हवेची गळती आहे. स्लोला इंजिन थोडी हवा पिते, म्हणून चोरटी हवा तिथे जास्त भरते. उलट, वेग आणि भार वाढेल तशी ही टक्केवारी वाढत गेली, तर हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा पेट्रोलचा पंप वा फिल्टर कमी पडत असेल.

पाचवी पायरी मल्टिमीटरची. बहुतेक सेन्सरांना संगणक पाच व्होल्ट पुरवितो. कपलर काढून, चावी लावून, कपलरच्या तारेवर पाच व्होल्ट येतात का ते पाहावे. येत नसतील तर नवा सेन्सर बसवूनही काही होणार नाही. तारेत सुई खुपसू नये आणि टेस्ट लॅम्प मुळीच वापरू नये. त्याच्या प्रवाहाने संगणकाला इजा होते. दोन तारांच्या तापमान सेन्सरचा रोध मोजता येतो. पुष्कळ गाड्यांत तो २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. म्हणजे तापले की रोध घटतो. हा सेन्सर चहाच्या ऊन पाण्यात बुडवून, आकडा हळूहळू उतरताना डोळ्यांनी पाहता येतो. तो सलग उतरला तर सेन्सर जिवंत आहे.

एकाच वेळी चार-पाच निरनिराळ्या सेन्सरांचे कोड आले, तर चार-पाच सेन्सर एकदम मेले असे कधीही मानू नये. त्यांना सामाईक काय आहे ते शोधावे. बहुधा अर्थिंगची पट्टी ढिली असते, बॅटरी उतरलेली असते, किंवा एका सेन्सरमध्ये शॉर्ट होऊन त्याने सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढलेले असतात. चावी बंद करून एकेक कपलर काढावा, चावी लावून पाच व्होल्ट परत आले का ते पाहावे. ज्याच्या काढण्याने परत आले, तो दोषी. एवढ्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरही बोट त्याच सेन्सरकडे दाखविले जात असेल, तर मात्र तो खुशाल बदलावा. सेन्सर मरतातच; फक्त आधी पुरावा हवा.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरच्या ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर चढले. करवीर, हातकणंगले, शिरोळकडे घरांबरोबर गाड्याही पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर माणसे आपापल्या गाड्या धुऊन, उन्हात वाळवून सुरू करतात. इथे दोन इशारे. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्टर मारून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला आहे का ते पाहावे, प्लग काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल दुधाळ झाले असेल तर आधी बदलावे. दुसरे असे की बाहेरून कोरडी झालेली गाडी आतून कोरडी नसते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की जसे कळकते, तशा कपलरमधल्या पिना आठवड्यांनी, महिन्यांनी कळकतात. दसऱ्यापर्यंत चांगली चाललेली गाडी दिवाळीत एकेक सेन्सरचा कोड दाखवू लागते. तेव्हा सेन्सर बदलत बसण्याआधी सगळे कपलर उघडावेत, विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने साफ करावेत, वाळवून परत बसवावेत आणि अर्थिंगच्या जागा काचपेपरने घासून लखलखीत कराव्यात. पाणी लागलेल्या गाडीत इतर काहीही करण्याआधी बॅटरीची वायर काढावी.

ह्या सगळ्यात पणाला लागते ते काय? पैसा तर आहेच. पण खेड्यातली गाडी ही पुष्कळदा सगळ्या गल्लीची गाडी असते. पावसाळ्यातल्या रात्री बाळंतीण वा आजारी माणूस कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात पोचवायचा तो तिच्यातूनच. ती स्लोला बंद पडत असेल, आणि कारण एक ढिली क्लिप असेल, तर ते कारण त्या गल्लीतल्या कुणाला तरी शोधता आले पाहिजे. आणि दुसरी गोष्ट, जी मला त्याहून मोठी वाटते: यंत्र उघडून पाहण्याचे जे धैर्य ह्या जिल्ह्याने कमावले, ते एका पिवळ्या दिव्याला भिऊन आपण सोडून द्यावे काय? नव्या यंत्राला आपले धैर्य नको आहे असे नाही. त्याला धैर्याबरोबर वही आणि मल्टिमीटर हवा आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करून थांबतो. रोध तापमानाने बदलतो, उंचीप्रमाणे हवेचा दाब घटतो, हे आपण फळ्यावर शिकवितोच. भंगारातून एक जुना तापमान सेन्सर, एक साधा मल्टिमीटर, एक पेला ऊन पाणी आणि एक थर्मामीटर एवढे वर्गात आणावे. मुलांकडून दर पाच अंशांना रोधाचा आकडा लिहून घ्यावा आणि आलेख काढून घ्यावा. वक्र रेषा खाली उतरताना मुले स्वतः पाहतील. मग त्यांना विचारावे, तार तुटली तर संगणकाला थंडी वाटेल की उकाडा? ज्या मुलाने हे उत्तर स्वतः शोधले, तो उद्या कोणत्याही गॅरेजात "सेन्सर गेलाय" हे ऐकून गप्प बसणार नाही. तो नम्रपणे विचारील, "मेस्त्री, मोजून बघितलंय का?"

आणि प्रत्येक गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय उघडले, काय बदलले, कोणता कपलर काढला, एवढे दोन ओळींत लिहावे. दिवा पेटलाच, तर शोधाची सुरुवात त्या वहीच्या शेवटच्या ओळीपासून करावी.